मापात पाप: काल्पनिक पुराणांतला चांगल्या-वाईटाचा 'समतोल' म्हणजे नक्की काय?

शाईडाग (धागाकर्ता)

गेली तीन वर्षं एक काल्पनिक दुनिया रचतोय. नकाशा झाला, नद्यांची नावं झाली, दोन देवता झाल्या: एक उजळ, एक मिट्ट. दोघींमधलं माप सांभाळणारा एक पंथ आहे, त्यांना मी 'मापाडी' म्हणतो. कमरेला तराजू, अंगावर राखाडी वस्त्र. कुठल्याच बाजूला पुरतं जिंकू द्यायचं नाही, हे त्यांचं व्रत.

तिसऱ्या भागाच्या शेवटी नायक जुलमी राजाला खाली पाडतो, छातीवर तलवार टेकवतो, आणि म्हातारा मापाडी त्याचं मनगट धरतो. म्हणतो, "याला मारलंस तर पारडं कलेल." नायक तलवार खाली घेतो. हा प्रसंग लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन दोन तास फिरून आलो होतो.

मग हस्तलिखित पुतणीला वाचायला दिलं. वय वर्षं चौदा. परत आलं तेव्हा त्या पानाच्या समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं: "काका, दुसऱ्या प्रकरणात याच राजाने गाव जाळलं तेव्हा मापाडी कुठे होते?"

दोन दिवस उत्तर शोधतोय, सापडत नाही. 'समतोल' हा शब्द कादंबऱ्यांत, गेममध्ये, ॲनिमेत सगळीकडे आहे आणि मीही तो डोळे मिटून उचलला. पण कशाचा कशाशी समतोल? निम्मं चांगलं आणि निम्मं वाईट असं असेल, तर त्या निम्म्या वाईटाची गरज नक्की कुणाला आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा. काळोख टाकलात तरी चालेल, आमच्याकडे दोन्ही देवता आहेत.


खडूस_वाचक

मापाडी कुठे होते? दांडी मारत होते. मापाडी दुसरं काय करतात.

पुतणीला संपादक नेमा.


नववी_चौकट

विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

या गोंधळाचा एक धागा टेबलावरच्या खेळांत सापडतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट पुढे न्यायचा खेळ) १९७४ साली आला तेव्हा पात्राला तीनच बाजू होत्या: शिस्त, तटस्थता आणि अनागोंदी. चांगलं-वाईट असा वेगळा अक्षच नव्हता. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कथांमधून आलेली. तिथे समतोल पटतो, कारण दोन्ही टोकं जगायला नालायक आहेत. नुसती शिस्त असेल तर सगळं गोठतं, नुसती अनागोंदी असेल तर काहीच टिकत नाही. मधला पट्टा माणसांचा.

पुढे १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात नऊ चौकटी आल्या. शिस्त-अनागोंदी आडवी, चांगलं-वाईट उभं. (माझं नाव तिथूनच घेतलंय.) आणि घोटाळा असा झाला की मधोमध बसलेल्या 'खऱ्या तटस्थ' पात्राला आता दोन्ही अक्षांवर मधे राहणं आलं. म्हणजे शिस्त आणि अनागोंदी यांच्यात मधे, हे ठीक. चांगलं आणि वाईट यांच्यातही मधे? १९८९ च्या आवृत्तीत याचं उदाहरणच दिलंय: एक ड्रुइड (निसर्गपूजक पुरोहित) नॉल नावाच्या दुष्ट राक्षसांच्या टोळीविरुद्ध लढायला जातो, आणि टोळी नामशेष व्हायला आली की लढाई सोडतो किंवा चक्क बाजू बदलतो.

मी असा ड्रुइड खेळलोय. शब्दशः खेळलो. टोळीतले शेवटचे पाच उरले तेव्हा मी आमच्याच धनुर्धराच्या पायाभोवती वेली गुंडाळल्या. टेबलावर आधी शांतता, मग एकाने फासे खाली ठेवून विचारलं, "अरे, तू कुणाकडून आहेस?" मी म्हटलं, "समतोलाकडून." पुढच्या सत्रात माझं पात्र झोपेतच दरीत पडलं. कुणी ढकललं याची चौकशी झाली नाही.


उंबरठा

हाहाहा. पण समतोलाची बाजू घेणारं कुणीतरी हवं म्हणून मी घेतो.

वाईट नसेल तर चांगलं कळणार कसं? सावलीशिवाय उजेडाला आकार नाही. ज्या दुनियेत फक्त चांगलंच आहे तिथे गोष्ट घडत नाही, शौर्याला अर्थ उरत नाही. तेव्हा मापाडी क्रूर वाटले तरी त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.


खडूस_वाचक

@उंबरठा, एक दाढ दुखली की बाकीच्या न दुखणाऱ्या दातांची किंमत कळते. कबूल. त्यासाठी सोळा दात किडवून घेत नाहीत.

तुलनेला वाईटाचा चिमूटभर नमुना पुरतो. निम्मा वाटा लागत नाही. आणि तो नमुना काल्पनिक कथेतला असला तरी काम भागतं, नाहीतर आपण या कथा वाचल्याच नसत्या.


सांजसावली

समतोलाचं मला सगळ्यात पटलेलं रूप 'अर्थसी' या जादूगारांच्या कादंबरीमालेतलं आहे. उर्सुला ले ग्विन यांचा पहिला भाग १९६८ चा. त्यात रोक बेटावरच्या शाळेत कोवळा गेड गुरूला विचारतो की खड्याचं रत्न करून दाखवलंत, पण ते तसंच राहील असं कसं करायचं? गुरू सांगतात की भास निर्माण करणं वेगळं आणि खड्याचं खरोखर रत्न करणं वेगळं. तो खडाही जगाचा भाग आहे, तो बदललास तर जग बदललंस, आणि पुढे काय होईल हे ठाऊक असल्याशिवाय एका खड्यालाही हात लावू नये.

इथे वाईटाचा कोटा नाही, हे बघा. समतोल आहे तो कृती आणि परिणाम यांचा. गेड ईर्ष्येपोटी मेलेल्याचा आत्मा बोलावतो, फट पडते, तिच्यातून एक सावली आत येते आणि ती फट बुजवताना म्हातारे महागुरू जीव गमावतात. 'त्या सावलीलाही जगायचा हक्क आहे, पारडं सारखं राहायला हवं' असं रोकवर कुणीही म्हणत नाही. ती जखम आहे, एवढंच. शेवटी गेड तिला मारतही नाही, स्वतःचंच नाव घेऊन हाक मारतो.

१९७२ च्या तिसऱ्या भागात तर एक जादूगार मरण टाळायला जीवन आणि मृत्यू यांमधलं दार उघडून ठेवतो, आणि जगातली विद्या त्या दारातून गळू लागते. मंत्र विसरले जातात, गायकांना गाणी आठवत नाहीत. मला तो भाग राक्षसांच्या लढायांपेक्षा जास्त भीतिदायक वाटला. गाता गाता मधेच थांबलेला गायक, पुढची ओळच नाही.

तिथे मरण हे वाईट नाही. दार उघडं ठेवणं हे वाईट. म्हणजे समतोलाच्या दोन पारड्यांत जगणं आणि मरणं आहे. चांगलं-वाईट त्या तराजूत नाहीच, ते तराजू कोण बिघडवतो यात आहे.


अधूनमधून

वाचतेय. खूण साठवली.


उंबरठा

@सांजसावली, छान. पण मग 'स्टार वॉर्स'चं काय? १९९९ च्या चित्रपटात भविष्यवाणी आहे की एक जण येईल आणि विश्वात भरलेल्या 'शक्ती'त समतोल आणेल; त्या शक्तीला उजळ आणि काळी अशा दोन बाजू आहेत. आमच्या गटात यावर जुनं भांडण आहे. एक मित्र म्हणतो, उजळ बाजूचे हजारो, काळ्या बाजूचे दोन. मग समतोल म्हणजे उजळ बाजूचेही दोनच उरायला हवेत. आणि पुढे जवळपास तसंच झालं की!


टीपकागद

@उंबरठा, तुमच्या मित्राने बेरीज बरोबर केली, पण शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला. 'स्टार वॉर्स'चे कर्ते जॉर्ज लुकास यांनीच नंतर सांगितलंय की काळी बाजू हाच त्या शक्तीतला असमतोल आहे. ती गेली की समतोल आला. म्हणजे भविष्यवाणी दोन्हीकडे सारखी डोकी मोजायला सांगत नव्हती.

मला वाटतं, 'समतोल' म्हणताना आपण दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने हाकारतो. एक तराजूचा समतोल: या पारड्यात जेवढं, तेवढंच त्या पारड्यात. दुसरा तब्येतीचा. वात, पित्त, कफ यांचा समतोल म्हणजे आरोग्य. आरोग्य आणि आजार यांच्यात समतोल राखा, असं कुठला वैद्य सांगत नाही. 'तुम्ही फार दिवस बरे आहात, आता जरा तापाची पाळी' असं म्हणणाऱ्याकडे आपण परत जाणार नाही.

काल्पनिक पुराणं रचणारे बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा समतोल बघून भारावतात आणि लिहितात मात्र पहिल्या प्रकारचा. यिन-यांगचंच बघा. चिनीत त्या शब्दांचा मूळ अर्थ डोंगराची सावलीतली बाजू आणि उन्हातली बाजू असा आहे. डोंगराची सावलीतली बाजू दुष्ट नसते. पण काळं-पांढरं वर्तुळ दिसलं की लेखकाने काळ्यात खलनायक बसवलाच म्हणून समजा.


टीपकागद

जोड प्रतिसाद, मघाशी राहिलं.

तराजूची सगळ्यात प्रसिद्ध पौराणिक प्रतिमा बहुधा प्राचीन इजिप्तची. मृताचं हृदय एका पारड्यात, आणि दुसऱ्यात? पाप नाही, पुण्यही नाही. मा'अतचं पीस. मा'अत म्हणजे सत्य, न्याय आणि विश्वाची घडी, तिन्ही मिळून. हृदय पिसाच्या तोलाचं ठरलं तर सुटका, जड भरलं तर मगरीच्या तोंडाची अम्मित ते खाऊन टाकते. मा'अतच्या उलट जे आहे त्याला इस्फेत म्हणतात, आणि इस्फेतला तराजूत जागाच नाही. त्या देवता निम्मा खोटेपणा राखून ठेवायला सांगत नाहीत.

इराणी परंपरेतही चांगला देव अहुर मझ्द आणि दुष्ट अंग्र मैन्यू समोरासमोर असले तरी बरोबरीत सामना सोडायचा नाही, शेवटी चांगल्याचा विजय ठरलेला आहे. तिसऱ्या शतकातल्या मानीच्या पंथात उजेड आणि अंधार मिसळले हीच मूळ दुर्घटना, आणि मुक्ती म्हणजे त्यांना पुन्हा वेगळं करणं. ज्यांना आपण सरसकट 'द्वैतवादी' म्हणतो, त्यांनासुद्धा मापाड्यांचं तत्त्वज्ञान विचित्र वाटलं असतं. निम्मं-निम्मं ही बरीचशी आधुनिक करमणुकीतली कल्पना आहे, असं माझं मत होत चाललंय. गेमच्या पुढच्या भागासाठी दोन्ही पक्ष शिल्लक लागतात, हे तिचं एक साधं कारण.


नववी_चौकट

शेवटच्या वाक्याला +१. मालिका चालू ठेवायची तर खलनायक पुरता मरता कामा नये. त्याला 'विश्वाचा समतोल' म्हटलं की भारदस्त वाटतं.

पण 'ड्रॅगनलान्स' या कादंबऱ्या आणि खेळांच्या मालिकेचं उदाहरण द्यायला हवं, १९८४ पासूनचं. इस्तारचा राजपुरोहित वाईट समूळ नष्ट करायला निघतो, देवांनाच आज्ञा करू लागतो, आणि देव आकाशातून जळता डोंगर त्या नगरावर टाकतात. चांगल्याचा अतिरेकही घातक, म्हणून समतोल हवा. लहानपणी मला हे फार खोल वाटलं होतं.


सांजसावली

@नववी_चौकट, त्या राजपुरोहिताच्या राज्यात काय चाललं होतं आठवा. गुलामगिरी. परक्या वंशांच्या कत्तली. मनातले विचारसुद्धा तपासायचे. याला 'चांगल्याचा अतिरेक' कसं म्हणायचं? हे वाईटच होतं, फक्त पांढरे कपडे घालून. लेखक त्याला चांगल्याच्या पारड्यात मोजतात आणि मग म्हणतात, बघा पारडं किती जड झालं!

आणि तो डोंगर. त्या नगरात पाळण्यातली पोरंही असणार. ती कुठल्या पारड्यात होती?


नववी_चौकट

... खरंय. पस्तीस वर्षं मी त्या डोंगराकडे लांबून बघत होतो. खाली कोण आहे हे कधी बघितलंच नाही.


उंबरठा

मी हळूहळू हरतोय असं दिसतंय. तरी एक शेवटचा प्रयत्न. आपल्या पुराणांत तरी देव-असुरांचा समतोल आहे ना? एकदा हे वर, एकदा ते वर.


टीपकागद

@उंबरठा, आहे, पण तो चांगल्या-वाईटाचा नाही. देव आणि असुर दोघेही कश्यपाची मुलं, आया वेगळ्या. ही भाऊबंदकी आहे. असुरांत प्रल्हाद आहे, बळी आहे. देवांमध्ये इंद्र आहे, ज्याच्याबद्दल जेवढं कमी बोलावं तेवढं बरं. समुद्रमंथनात दोघांनी मिळून दोर ओढला आणि अमृत निघाल्यावर मोहिनीने एकाच पंगतीला वाढलं. त्याला कुणी 'विश्वाचा समतोल' म्हणून सजवलेलं नाही. फसवलं ते फसवलं, गोष्ट सरळ सांगते. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

खरा 'समतोल' हवा असेल तर सांख्य दर्शनाकडे जा. सत्त्व, रज आणि तम यांची साम्यावस्था म्हणजे मूळ प्रकृती. त्या अवस्थेत काहीच नसतं. झाड नाही, माणूस नाही, राजा नाही, नायक नाही. गुणांचा तोल ढळतो तेव्हा सृष्टी सुरू होते. म्हणजे मापाड्यांचं व्रत खरोखर पूर्ण झालं, तर शाईडाग यांची कादंबरी कोरी निघेल.


खडूस_वाचक

तसंही पहिले दोन भाग कुणी छापलेत?

(गंमत केली. मनावर घेऊ नका.)


शाईडाग

घेतलं मनावर. :)

सगळ्यांचे आभार, डोकं भणभणतंय. आतापर्यंतचं मला कळलेलं असं: मापाडी जे मोजतात तेच मुळात चुकीचं आहे. ऊन-सावली, जगणं-मरणं, शिस्त-मोकळीक यांचं माप असू शकतं. गाव जाळणं आणि न जाळणं यांचं माप असू शकत नाही. तेव्हा देवतांची नावं तीच ठेवून त्यांची कामं बदलावीत का? मिट्ट ही झोपेची, बीज जमिनीत रुजतं त्या काळोखाची, विसराळूपणाची. आणि राजा दोघींचाही नाही.

पण मग मापाडी ठेवू की काढून टाकू? तीनशे पानं आहेत हो त्यांची.


सांजसावली

काढू नका! चुकीचं तत्त्वज्ञान मनापासून पाळणारी माणसं कथेत सोन्यासारखी असतात. फक्त लेखकाने त्यांच्या बाजूने उभं राहू नये. म्हाताऱ्याने मनगट धरलं, ठीक. पण त्या क्षणी सगळी दुनिया त्याच्याशी सहमत असल्यासारखी लिहिली आहे का, ते तपासा. पार्श्वभूमीला वारा थांबतो वगैरे?


शाईडाग

वारा थांबतो. पक्षीही गप्प होतात.


सांजसावली

पक्ष्यांना बोलू द्या.


खडूस_वाचक

आता जरा नीट लिहितो, कारण विषय खरंच चांगला निघाला.

माझ्या हाताखालून बरेच दांडीचे तराजू गेलेत. पहिला नियम असा की माल टाकायच्या आधी रिकामी पारडी बघायची. जुन्या तराजूचं एक पारडं थोडं तरी खाली असतंच. मग हलक्या बाजूला एखादा दगड, लोखंडाचा तुकडा, चिंधी, काहीतरी बांधतात आणि दांडी सरळ करतात. तो पासंग. 'पासंगालाही पुरत नाही' म्हणतो तोच. पासंग दोष काढायला असतो, पण दोष घालायलाही तोच वापरतात. पारड्याच्या तळाला मेणाने चिकटवला की वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. दांडी सरळ दिसते आणि प्रत्येक मापात थोडं थोडं जातं.

तुमचे सगळे मापाडी दांडीकडे बघतायत. या धाग्यावर आपणही शंभर ओळी दांडीकडेच बघत होतो: सरळ असावी की नसावी, कुठल्या पारड्यात काय. शून्य कुठे धरायचं हे कुणी ठरवलं, ते कुणी विचारलं नाही. तुमच्या पुतणीने विचारलं. गाव जळलं तेव्हा दांडी हलली नाही, राजाच्या छातीवर तलवार आली तेव्हा हलली. असा तराजू माझ्याकडे आला असता तर मी आधी उलटा करून बघितला असता.

आणि हेही बघा की वाईट संपलं तर मापाड्यांचं कामच संपतं. राखाडी वस्त्राचा खर्च कुठून निघतो?


टीपकागद

@खडूस_वाचक, दंडवत. माझे दोन्ही प्रतिसाद या पासंगापुढे हलके.


खडूस_वाचक

पासंगालाही पुरत नाहीत म्हणा.


शाईडाग

नऊ दिवसांनी परत येतोय. प्रसंग पुन्हा लिहिला. पूर्ण टाकत नाही, गाभा सांगतो.

म्हातारा मनगट धरतो. "पारडं कलेल." वारा चालू आहे, कावळे ओरडतायत. जळलेल्या गावातली एक मुलगी, दुसऱ्या प्रकरणात तिला एकच वाक्य होतं, गर्दीतून पुढे येते आणि म्हाताऱ्याच्या कमरेचा तराजू काढून घेते. तो अडवत नाही, कारण आजवर कुणी मागितलेलाच नसतो. ती दोन्ही पारडी झटकते. आत साठलेली धूळ उडते. मग दांडी मधोमध धरून हात लांब करते आणि थांबते. पारडी हलतात, हेलकावे कमी होत जातात. सगळे बघतायत. दांडी सरळ होत नाही. एक पारडं खाली जाऊन थांबतं.

ती तळाला बोटं फिरवते. मेण नखाने खरवडते. सुपारीएवढा गुळगुळीत दगड तिच्या हातात येतो.

म्हातारा त्या दगडाकडे बराच वेळ बघतो. मग म्हणतो, "तो आमच्या आधीपासून आहे."


सांजसावली

हे वाक्य!! त्याला माहीत होतं की नव्हतं?


शाईडाग

मलाही ठरवता आलं नाही. लिहिताना दोन्ही वाटत होतं.


उंबरठा

हरलो. आनंदाने हरलो. पण दगड कुठल्या पारड्याखाली होता? उजळ की मिट्ट?


शाईडाग

लिहिलं होतं, मग खोडलं. पारड्यांवर खुणाच ठेवल्या नाहीत.


नववी_चौकट

आणि नायकाची तलवार?


शाईडाग

अजून राजाच्या छातीवरच आहे. भाग तिथेच संपवलाय. पुतणी दोन दिवस बोलत नाहीये.